दुमडीतलं तोंड

१

छापखान्यात त्याला थुंक्या म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याचं कामच थुंकीचं.

गाण्याच्या रेकॉर्डची कव्हरं छापायचा तो छापखाना. कव्हरासाठी काढलेला फोटो मोठा केला की त्यावर धुळीचे पांढरे ठिपके उमटतात. कुणाच्या गालावर, कुणाच्या कपाळावर, जशा काही माशा बसून गेल्यात. ते ठिपके बारीक ब्रशानं एकेक करून बुजवायचे, ह्याला म्हणतात टचिंग. आता चकचकीत फोटोवर पाण्यात कालवलेला रंग बसत नाही, थेंब धरून पळतो. थुंकीत कालवलेला बसतो. म्हणून थुंक्या डाव्या अंगठ्याच्या नखावर काळा रंग घ्यायचा, ब्रश तोंडात घालायचा, ओठांत दाबून त्याला सुईसारखं टोक काढायचा आणि ठिपक्यावर टेकवायचा. पुन्हा तोंडात, पुन्हा ठिपका. दिवसभर हेच. संध्याकाळी जीभ काळीठिक्कर.

घरी बायको त्याचा पेला वेगळा ठेवायची.

"कुत्रंसुद्धा हुंगायचं नाही असली जीभ."

"मग तू तरी कशाला जवळ येऊन बघतेस?"

शेतावरून आलेला गडी. शाळा त्यानं सोडली की मास्तरानं हाकलला, ह्यावर घरात अजून वाद होता. पण नजर घारीची. हात असा की त्यानं बुजवलेला ठिपका त्यालाही पुन्हा सापडायचा नाही. राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर.

धाकटी बहीण त्याच्याकडेच राहायची. आईबाप गेले तेव्हा ती एवढीशी होती. त्यानंच खांद्यावर घेऊन वाढवली. गळा असा की भांडणारी माणसं भांडण विसरावीत. पण उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या मागं उभं राहून गाण्यात गेली. कव्हरवर तिचं नाव कधी आलं नाही. ह्या खेपेला मालकानं तिची एकटीची रेकॉर्ड काढायची ठरवली. छापखाना त्याचा, रेकॉर्डचा धंदाही त्याचाच. गाणी भरून झाली होती. राहिलं होतं कव्हर.

"दुमडीचं करायचं," मालक म्हणाला. "पुस्तकासारखं उघडणारं. बाहेर नुसते ओठ, मिटलेले. उघडलं की आत सगळं तोंड. दात, जीभ, घसा, सगळं."

थुंक्याचं डोकं फिरलं. "माझ्या बहिणीचं तोंड म्हणजे काय दुकानाचं शटर आहे? कुणीही यावं अन् उघडावं?"

"अरे, किळस येईल लोकांना."

"मग?"

"मग काय? किळस आली की माणूस दुसऱ्यांदा बघतोच. तू नाही बघत?"

थुंक्या बाह्या सरसावायला लागला, तर धाकटीनंच त्याचा हात धरला. "दादा, बास. माझ्या चेहऱ्याला कुणी नावं ठेवण्यापेक्षा हे बरं. एकदा माझं नाव येऊ दे कव्हरवर. मग काय करायचं ते कर."

तिच्या ह्या एका वाक्यापुढं त्याचा राग जिरला. दुसऱ्या कुणापुढं जिरत नसे.

२

फोटो मालकानंच काढला, अगदी तोंडाशी कॅमेरा नेऊन. मोठा केला तो टेबलभर पसरला. थुंक्यानं भिंग लावलं आणि त्याला कसंतरीच झालं. आपल्या माणसाचं तोंड आतून एवढं कुणी बघतं का? हिरड्यांवरच्या निळ्या शिरा. दाढांच्या मुळाशी पिवळट काठ. जिभेवरचे दाणे, एकेक सुटा, भिजवलेल्या खसखशीसारखा. पडजिभेला लोंबणारी लाळेची तार. जन्मभर जिचं गाणं ऐकलं ते ह्या मोरीतून येत होतं होय, असं त्याच्या मनात आलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

दोष एकच होता. दिव्याचा झोत नेमका घशात पडला होता. पडजिभेच्या मागं जिथं काळं पाहिजे तिथं पांढरा डाग.

"हे भर," मालक म्हणाला. "इथं काळोख पाहिजे. हात घातला तर परत येणार नाही असं वाटलं पाहिजे."

ठिपके बुजवणं वेगळं आणि अख्खा घसा भरणं वेगळं. दिवस त्यातच गेला. नखावर रंग, ब्रश तोंडात, टोक, घसा. दुपार उलटल्यावर मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. एरवी दिवसभर ब्रश चोखून तोंड सुकतं, मधेमधे पाणी प्यावं लागतं. आज सुकलं नव्हतं. उलट भरून येत होतं. गिळलं की पुन्हा भरायचं, गाल फुगेपर्यंत. आणि त्या थुंकीला चव होती. रंगाची नव्हे; रंगाची चव त्याला पाठ. ही गोडसर होती, शिळी. दुसऱ्या कुणाच्या तोंडातली.

त्यानं खिडकीतून पचकन थुंकून टाकलं. चहातलं दूध नासलं असणार, असं ठरवलं आणि पुन्हा खाली मान घातली. संध्याकाळपर्यंत घसा काळाभोर झाला. फोटो पंख्याखाली टांगून तो घरी गेला.

३

टचिंगचा रंग वाळायला विडी ओढण्याएवढासुद्धा वेळ लागत नाही. सकाळी येऊन बघतो तर घसा ओला.

बाकीचा फोटो खडखडीत. दात कोरडे, जीभ कोरडी. फक्त ते काळं चमकत होतं. त्यानं कापूस टेकवला. कापूस काळा व्हायला हवा होता. झाला नाही. पांढराच राहिला, पण भिजून जड झाला, आणि उचलला तशी मागं तार आली. हात खांद्याच्या वर नेला तरी तुटेना. तुटली तेव्हा लोंबत येऊन त्याच्या मनगटाला चिकटली.

कोमट होती.

फोटो रात्रभर पंख्याखाली होता. हे कोमट आलं कुठून?

थुंक्या तडक मशीनवर गेला. मशीनवाला शाईचा डबा ढवळत होता. त्याची कॉलरच धरली.

"फोटोवर कोण थुंकलं?"

"तू," मशीनवाला म्हणाला. "रोज थुंकतोस. पगार घेतोस त्याचा."

"चेष्टा करू नकोस, थोबाड फोडीन."

"अरे बाबा, दाराची किल्ली मालकाकडं. आणि मला थुंकायचं असतं तर तुझ्यावर थुंकलो असतो. त्या बिचारीच्या फोटोवर कशाला?"

ह्यात तथ्य होतं. थुंक्यानं कॉलर सोडली, वर झटकूनही दिली, आणि त्याला फोटोपाशी घेऊन आला. मशीनवाला वाकला आणि लगेच मागं सरकला.

"वास कसला रे?"

वास होताच. उपाशी माणसाच्या तोंडाला सकाळी येतो तसा. थुंक्याला तो आल्या आल्याच आला होता, पण दुसऱ्यानं म्हणेपर्यंत त्यानं तो मानला नव्हता.

"हवा दमट आहे," थुंक्या म्हणाला. "कागद जुना असेल. रंगात गोंद जास्त पडला असेल. नाहीतर मला साखर झाली असेल. थुंकीत साखर असली की ओल धरते."

मशीनवाल्यानं मान डोलावली. थुंक्याला मात्र स्वतःच्या बोलण्याचा राग आला. खरं कारण हाताशी असलं की माणूस एकावर थांबतो. चार द्यावी लागतात तेव्हा त्यातलं एकही खरं नसतं.

४

घरी धाकटी पाण्याच्या पिंपाशेजारीच बसली होती.

"तोंडाला कोरड पडलीय रे. कालपासनं."

बोलताना तिची जीभ टाळूला चिकटायची आणि सुटताना टक् करून वाजायची. दर शब्दाला टक्. कुणी लाकडावर नखं आपटावीत तसं.

"घाबरलीय ती," वहिनी म्हणजे थुंक्याची बायको म्हणाली. "रेकॉर्डच्या कार्यक्रमात एवढ्या लोकांपुढं एकटीनं उभं राहायचंय. लग्नात माझंही असंच झालं होतं. तोंडातनं शब्द फुटेना."

"तेव्हाची कसर अजून भरून काढतीयेस," थुंक्या म्हणाला.

धाकटी हसली. हसताना तिचा खालचा ओठ मधोमध चिरला. वहिनीनं पदर पुढं केला. पदर तसाच राहिला, कारण रक्त आलंच नाही. चीर नुसती उघडी राहिली, घडी पडलेल्या पुठ्ठ्यासारखी.

डॉक्टरकडे नेऊन आणली. त्यानं जीभ बघितली, घशात बॅटरी मारली, आणि ताण आहे, पाणी पीत जा म्हणून सांगितलं. पाणी ती पीतच होती. पण पेला तोंडाला लावला की पाणी आत जायचं आणि ओठांच्या कोपऱ्यातून तसंच्या तसं बाहेर यायचं, फरशीवर ओतल्यासारखं. जेवायला बसली तेव्हा एक घास कितीतरी वेळ चघळला आणि शेवटी तळहातावर काढून दाखवला. दातांच्या खुणा उमटल्या होत्या. भिजला कुठंच नव्हता.

"भुसा खाल्ल्यासारखं वाटतंय, वहिनी."

वहिनीनं तो घास तिच्या हातातून काढून घेतला. थुंक्याला काल तोंडात भरून आलेली ती गोडसर थुंकी आठवली. ती कुणाची, एवढाच प्रश्न होता. तो प्रश्न त्यानं पुरता होऊच दिला नाही. ताट सरकवलं आणि उठला.

५

फोटोवरून छपाईच्या पत्र्याच्या प्लेटा झाल्या आणि मशीन सुरू झालं. थुंक्याला वाटलं होतं, फोटोची भानगड फोटोतच राहील. छापताना कुणी थुंकत नाही. शाई डब्यातली, रूळ लोखंडाचे.

पहिला गठ्ठा उतरला. ओठ वाळले, दात वाळले, घसा वाळेना. मशीनवाल्यानं शाईत ती लवकर वाळायचं औषध घातलं, गठ्ठ्यावर पावडर मारली, खिडक्या उघडल्या. कागद कडेनं सुटे आणि मधोमध चिकटलेले. ओढले की चर्र् करून सुटायचे आणि एका घशापासून दुसऱ्या घशापर्यंत तारा ताणायच्या. खाली फरशीवर ठिबकायचं. मशीनवाल्यानं नाकाला फडकं बांधलं.

"शाई अशी नसते रे," तो फडक्यातून म्हणाला. "मी जन्मभर शाईत हात घातलाय. हे जनावराच्या तोंडातलं आहे."

"तोंड सांभाळून बोल. माझी बहीण आहे ती."

"मी कागदाबद्दल बोलतोय!"

थुंक्या सुटे करायला बसला. कागद सुटे करायची छापखान्यातल्या सगळ्यांची एकच तऱ्हा, अंगठा जिभेला लावायचा आणि कागद सरकवायचा. विचार करून कुणी करत नाही. हात आपोआप तोंडाशी जातो. त्याचाही गेला. कागद, जीभ, कागद, जीभ. गठ्ठा अर्धा झाल्यावर त्याला ती चव लागली. तेव्हा त्यानं अंगठ्याकडं बघितलं. अंगठा मनगटापर्यंत चकाकत होता. ज्या अंगठ्यानं घसे सोडवत होता तोच तो चाटत होता.

भिंतीपाशी जाऊन तो ओकला. आतडी बाहेर येतील असा ओकला. ओकतानाही तोंड भरतच होतं.

मग त्यानं एकच गोष्ट ठरवली. जे आपण भरलं ते आपणच काढायचं. टेबलावर मूळ फोटो आडवा घातला. जुना ब्रश घेतला, केस फिस्कटून केरसुणी झालेला, कोरडा. घशावर घासून काळं खरवडायचं होतं. ब्रश तोंडात घातला नाही. तोंडात घालायची हिंमतच नव्हती.

ब्रश घशाला लावला. टेकल्यासारखं वाटलं नाही. त्यानं आणखी थोडा दाबला. कागद लागायला पाहिजे, खाली टेबल लागायला पाहिजे. दांडीवरचा पितळी पट्टा दिसेनासा झाला. डोळ्यांना दांडी अजून कागदावर टेकलेली दिसत होती, आणि हाताला ती आत गेल्याचं कळत होतं. दोघांपैकी कुणाचं खरं मानायचं ह्या विचारात तो असतानाच ब्रश ओढला गेला.

जोरात नाही. वासरू बोट चोखतं तसा. मऊ, गरम, दोन्ही बाजूंनी दाबून.

त्यानं हिसका मारून हात मागं घेतला. ब्रश ओला होता. केस एकत्र दाबलेले, आणि त्यांना सुईसारखं टोक काढलेलं.

६

"मशीन बंद करा!" थुंक्या मालकाच्या अंगावर ओरडला. प्लेट त्याच्या हातात होती, डोक्याच्या वर धरलेली. "एक कव्हर बाहेर गेलं तर बघा!"

पण कव्हरं दुमडून, चिकटवून, तबकड्या घालून तयार होती. मालकानं एक उचललं आणि उघडलं. चप् असा आवाज आला, ओठ सुटावेत तसा.

"ओलं दिसतंय!" मालकाचे डोळे लकाकले. "अरे गाढवा, हे पैसे टाकून मिळत नाही!" त्यानं घशावर बोट फिरवलं, तोंड वाकडं केलं, बोट विजारीला पुसलं, आणि पुन्हा फिरवलं.

तेवढ्यात दारात धाकटी उभी राहिली. तिला राहवलं नव्हतं, नाव बघायला आली होती. एवढ्या दिवसांत ती निम्मी झाली होती. मालकाच्या हातातलं कव्हर तिनं घेतलं. आतलं तोंड बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मिटून वरचं नाव बघितलं.

"छापू दे," ती म्हणाली. आवाज कसला, कागद चुरगळल्यासारखी खसखस.

"तुला दिसत नाही का हे काय आहे? हे तुझं..." काय सांगणार? तुझी थुंकी ह्या पुठ्ठ्यात उतरलीय म्हणून?

"दिसतंय." टक्. "पण हे थांबवलंस तर मी पुन्हा कुणाच्या तरी मागं. मरेपर्यंत." टक्. "दादा, नको ना."

थुंक्याचा हात खाली आला. जगातल्या कुणाचंही ऐकलं नसतं त्यानं. हिचं ऐकलं, आणि तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात रेकॉर्डचा कार्यक्रम होता. माणसं मावत नव्हती. दारातच प्रत्येकानं कव्हर घेतलं, आणि सगळीकडून चप्, चप्, चप् आवाज यायला लागले. बायका तोंडावर रुमाल धरायच्या, शी म्हणायच्या, आणि पुन्हा उघडून शेजारणीला दाखवायच्या.

धाकटी मंचावर आली. माइकसमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. नुसती हवा. मालकानं प्रसंग सांभाळला, मागून रेकॉर्ड लावून दिली. तिचा आवाज सभागृहभर पसरला, गच्च, ओला, रसरशीत. धाकटी नुसते ओठ हलवत राहिली. लोकांना पत्ता लागला नाही.

थुंक्याला लागला. कारण ओठ गाण्याबरोबर हलत नव्हते. गाणं संथ होतं. ओठ भराभर उघडत-मिटत होते. त्यानं इकडंतिकडं बघितलं. पुढच्या रांगेत एक जाडा माणूस उकाड्यानं हैराण होऊन बसला होता आणि कव्हराची घडी उघडमीट करत वारा घेत होता. उघडलं की वर धाकटीचा जबडा पडायचा. मिटलं की मिटायचा. त्या माणसानं हात बदलला, कव्हर पार उलटं ताणून उघडलं. मंचावर तिच्या गालांची कातडी ताणली गेली, आणि जबड्याच्या सांध्यात काहीतरी कटकन वाजलेलं थुंक्यानं रांगेतून ऐकलं.

तो रांगा तुडवत गेला. जाड्याच्या हातातून कव्हर हिसकावलं, वर त्याला एक ठेवून दिली. चौघांनी धरून त्याला बाहेर काढलं. शर्ट फाटला, पण कव्हर त्यानं छातीशी धरलेलं सोडलं नाही. पायरीवर बसून तो बघत राहिला. कार्यक्रम संपला, माणसं बाहेर आली. कुणाच्या काखेत कव्हर, कुणाच्या पिशवीत, कुणाच्या गाडीच्या मागच्या काचेत उन्हाला टाकलेलं. सगळ्या रस्त्यांनी गेली.

७

धाकटीनं अंथरूण धरलं. डॉक्टरनं सुई टोचून बाटली चढवली. बाटली रिकामी झाली, तोंड तसंच. तो पुन्हा आलाच नाही, फोनवर मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला. न्यायचं म्हटलं तर उचलताना तिचे ओठ तडकत होते.

"काहीतरी करा हो," वहिनी म्हणाली. "अशी सुकून जाईल पोर."

ती आतल्या खोलीत धाकटीजवळ बसली. थुंक्या स्वयंपाकघरात, मांडीवर कव्हर घेऊन, पुढ्यात दुधाची वाटी. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं. मांडीला कव्हर गरम लागत होतं. उन्हातल्या गाडीतून उतरवलेल्या पोराच्या डोक्यासारखं गरम.

त्यानं ते उघडलं. चप्. वास अंगावर आला, आंबूस, रिकाम्या पोटाचा. पुठ्ठा आहे, तो मनात म्हणाला. पुठ्ठा, खळ आणि शाई. पुठ्ठ्याला दूध पाजणारा माणूस वेडा. मग त्याला आतून तिची टकटक ऐकू आली, पाणी मागायची, आणि तो म्हणाला, बहिणीला मरू देणारा शहाणा असेल तर आग लागो त्या शहाणपणाला.

चमचाभर दूध त्यानं त्या काळ्यावर ओतलं.

ते ओघळून मांडीवर यायला पाहिजे होतं. आलं नाही. क्षणभर काळ्यावर पांढरं गोल थांबलं, थरथरलं आणि गेलं.

आतल्या खोलीत गटक् असा आवाज झाला.

"अहो!" वहिनी ओरडली. "गिळलं! गिळलं हो तिनं काहीतरी!"

थुंक्यानं दुसरा चमचा ओतला. तिसरा. दुधात भात कुस्करला आणि घास भरवला. तेव्हा चमचा कशाला तरी अडला, टणकन. दाताला. छापलेल्या दाताला. घडीच्या दोन्ही बाजू किंचित जवळ आल्या आणि चमच्याला घट्ट धरून पुसून घेतलं. कव्हराच्या कडेनं फेस आला, त्यात भाताची शितं. त्याला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो पोराला भरवावं तसं, घे गं माझे आई, घे, म्हणत भरवत होता. आतून प्रत्येक घासाला गटक्.

"दादा," आतून हाक आली. टक् नव्हतं त्यात. ओला, भरलेला, तिचा स्वतःचा आवाज. "आणखी दे."

त्यानं वाटी पुसून दिली. संपलं. सदऱ्याच्या टोकानं कव्हराची कड पुसली, शितं वेचून काढली आणि घडी हळूच मिटली. बोटं धुवायला उठला. किती दिवसांनी छाती हलकी झाली होती. रोज असं करू, तो म्हणत होता. हे जवळ ठेवू, कुणाला हात लावू देणार नाही. किळस आली तर आली, मेलो तर नाही ना.

आत चावण्याचा आवाज येत होता. बरं झालं, बायको भरवतीय.

"घाई करू नकोस गं," तो ओरडला. "हळूहळू दे."

बायको दारात आली. हात रिकामे होते.

"मी कुठं देतीय? तुम्हीच देताय ना?"

"माझं संपलं."

दोघंही तिथंच उभी राहिली. कव्हर ओट्यावर मिटलेलं पडलं होतं. आत चावणं चालूच होतं. मऊ घासाचं नव्हे. कराकरा, मग चिकट, मग पुन्हा कराकरा. थुंक्याच्या डोळ्यांपुढं ती सगळी कव्हरं आली, गावभरच्या घरांतली, कपाटांवर, सोफ्यांवर, पोरांच्या हातात, उघडी. पोरं काय, तोंड उघडं दिसलं की त्यात काहीतरी घालतातच. हाताला लागेल ते.

त्यानं झडप घालून कव्हर उघडलं. त्यात काहीच नव्हतं. नुसता काळोख, ओला.

चावणं थांबलं.

"दादा," धाकटी म्हणाली. तोंड भरलेलं असताना बोलावं तशी, जीभ बाजूला घेऊन. "हे नको. हे काढ ना."

"काय आहे गं?"

तोंडातली वस्तू ती जिभेनं चाचपत असल्याचा ओला आवाज आला.

"हलतंय."